पंखा बंद करणाऱ्या ग्रंथपालांस

आदरणीय ग्रंथपाल महोदय,

स. न. वि. वि.

आपले नाव मी येथे लिहिलेले नाही. पुस्तकाच्या ऋणनिर्देशातही ते घालू नये, असे आपण मला बजावले होते आणि मी ते मुकाट्याने पाळले. परंतु आभारच मानू नयेत, असे काही आपण म्हणाला नव्हता, तेवढ्या फटीतून हे जाहीर पत्र लिहीत आहे. पुस्तक नुकतेच छापून आले आहे, आणि ज्यांनी ज्यांनी मला वाटेला लावले होते त्यांचेही अभिनंदनाचे दूरध्वनी आता येऊ लागले आहेत. अशा वेळी खरे ऋण कोणाचे आहे, ते चारचौघांत सांगितलेले बरे.

मी पेशाने लेखक नाही. सहकारी बँकेतील नोकरी सांभाळून एका दैनिकाच्या पुरवणीत कित्येक वर्षे क्रीडाविषयक सदर लिहीत होतो. जत्रेतील कुस्त्यांची मैदाने, प्रकाशझोतातील कबड्डीच्या स्पर्धा, शाळाशाळांमधील खो-खोचे सामने, असे जे मोठ्या वार्ताहरांच्या नजरेत भरत नाही, ते सगळे माझ्या वाट्याला येई. मानधन नव्हते आणि त्याबद्दल तक्रारही नव्हती. तक्रार आहे ती एवढीच, की सदर बंद केल्याचे मला कोणी कळवले नाही. एका बुधवारी त्या जागी स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीची जाहिरात आली, पुढच्या बुधवारी पुन्हा तीच आली, आणि चौकशी केली तेव्हा 'जागेची जरा अडचण आहे,' एवढेच उत्तर मिळाले.

त्यानंतर खाशाबा जाधव आणि त्यांच्या पिढीतील कोल्हापूर-कराडकडील मल्ल, हा विषय मी पुस्तकासाठी हाती घेतला. एका प्रकाशकांनी बाडाची दोरीही न सोडता सांगितले, की पैलवान पुस्तके वाचत नाहीत आणि पुस्तके वाचणारे कुस्ती पाहत नाहीत, तेव्हा एखाद्या क्रिकेटपटूचे चरित्र असेल तर या. वाक्य झकास होते, हे कबूल करायला हवे. दुसऱ्यांनी निम्म्या प्रती मीच विकत घ्याव्यात, अशी अट घातली. एका कार्यालयात तर जुनी कागदपत्रे पाहण्यासाठी मी कोणत्या संस्थेचा, असे विचारण्यात आले आणि कोणत्याच संस्थेचा नाही म्हटल्यावर समोरच्या गृहस्थांनी पुन्हा मान वर केली नाही.

खरी अडचण मात्र माणसांपेक्षा लेखनाचीच होती. सदरात 'असे म्हणतात' चालून जाते. पुस्तकात कोण म्हणतो, केव्हा म्हणाला आणि तो तेथे हजर होता का, हे सांगावे लागते. खाशाबांविषयी तर आपल्याकडे म्हणण्याला तोटा नाही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक आणि १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक, हे निर्विवाद आहे. परंतु जपानच्या इशीविरुद्धच्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले आणि त्यावर हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता, ही हकीकत प्रत्येक जण स्वतः आखाड्याशेजारी बसल्यासारखी सांगतो. पदक घेऊन परतल्यावर कराड स्थानकापासून त्यांच्या गोळेश्वर गावापर्यंत निघालेल्या मिरवणुकीतील बैलगाड्यांचा आकडा तर सांगणाऱ्यागणिक बदलतो. यातले काय ठेवावे आणि काय सोडावे, हे ठरवण्यासाठी त्या काळची वर्तमानपत्रे पाहणे भाग होते, आणि म्हणून मी आपल्या वाचनालयात आलो.

आपण मला कोणत्या संस्थेचा, असे विचारले नाहीत. कोणते महिने हवेत, एवढेच विचारलेत आणि माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेले १९५२ सालचे बाड स्वतः उतरवून आणलेत. डांबरगोळ्यांचा वास अजून नाकात आहे. बाड उघडले आणि जुलैच्या अंकांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या तुटू लागल्या. वरच्या पंख्याच्या वाऱ्याने त्यांचे तुकडे टेबलभर पसरले. मी दोन्ही तळव्यांनी पान दाबून धरले होते, त्यामुळे टिपण काढायला हात मोकळा नव्हता. आपण ते आपल्या जागेवरून पाहिलेत, उठलात आणि पंखा बंद केलात. मे महिना, दुपारची वेळ, आणि आपले टेबलही त्याच पंख्याखाली. वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका आजोबांनी कुरकुर केली, तेव्हा आपण त्यांना म्हणालात, 'अण्णा, तासभर सोसा, पाव्हण्यांचं काम चाललंय.' वाचनालय बंद होईपर्यंत तो तास काही संपला नाही. सदरा पाठीला चिकटलेल्या अवस्थेत आपण पुस्तकांच्या नोंदी करीत होता आणि माझ्याकडे एकदाही वळून पाहिले नाही, बहुधा मला संकोच वाटू नये म्हणून. मी हे मागितलेले नव्हते, आणि मागायचे मला सुचलेही नसते.

पुढेही आपण पुष्कळ केलेत. पण माझ्या लेखनाला 'काम' म्हणणारे आपण पहिले, आणि तेही माझ्याशी बोलताना नव्हे, तर तिसऱ्याच माणसाला सहज सांगताना. तोपर्यंत घरीदारी सगळे त्याला माझा नाद म्हणत.

खाशाबांची गोष्टही शेवटी अशाच माणसांच्या आधारावर उभी आहे. हेलसिंकीच्या खर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे कोल्हापुरात आजही आदराने सांगितले जाते. घर आणि पंखा यांची तुलना मी करीत नाही, आपल्याला ती आवडणारही नाही. परंतु दुसऱ्याच्या कामासाठी स्वतःला तोशीस लावून घेणे आणि त्याचा गाजावाजा न करणे, हा स्वभाव एकच आहे. याउलट, ज्यांच्या हाती मान्यता देणे होते त्यांचा वेग पाहा. खाशाबांचे १९८४ साली अपघाती निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशक उलटून गेल्यावर. त्यांच्याबरोबर हेलसिंकीला उतरलेले केशव माणगावे तर आज आपल्याच भागातील तरुण मल्लांना नावानेही ठाऊक नसतात. माझ्या पुस्तकात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते लिहिता आले ते आपण उतरवून दिलेल्या बाडांमुळेच.

पुस्तकाच्या दोन प्रती सोबत पाठवीत आहे. एक वाचनालयाच्या दाखलपुस्तकात नोंदवावी आणि दुसरी आपण घरी न्यावी. मिरवणुकीतील बैलगाड्यांचा आकडा मी मुद्दामच दिलेला नाही. त्यावर अण्णांचे काही वेगळे म्हणणे असेल आणि ते स्वतः त्या दिवशी कराडला हजर असतील, तर मला जरूर कळवावे, दुसऱ्या आवृत्तीत त्यांच्या नावानिशी घालीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सदरलेखक