कबाट, हिंचका आणि लिटल मॅगझिन

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लिटल मॅगझिन चळवळीवरचा, म्हणजे मोठ्या मासिकांना नाकारून लेखक-कवींनी स्वतःच छोटे अंक काढले त्या चळवळीवरचा लेख वाचला. लेख छान आहे, मेहनत घेतलीय, पण शेवटी जो सूर लावलाय ना, की ते सगळं मुंबईत सुरू झालं, मुंबईतच विझलं आणि आता उरल्या फक्त आठवणी, त्यावर बडोद्याहून दोन शब्द लिहायचेत. दोन म्हणतेय पण जास्त होतील, कापायचे तर कापा.

१९५५ मध्ये 'शब्द' हे त्यातलं पहिलंवहिलं लिटल मॅगझिन निघालं, छापखान्यात न जाता सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढलेलं, काढणारे अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ, हे सगळं बरोबर. पण त्यातले चित्रे जन्माने बडोद्याचे, १९३८ चे, आणि त्यांचे वडील पु. आ. चित्रे १९४३ पासून इथून 'अभिरुची' काढत होते हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं. मर्ढेकरांची ती पिपातल्या उंदरांची कविता, जिच्यावरून इतका गदारोळ झाला, ती १९४६ मध्ये कुठे छापून आली? बडोद्याच्या 'अभिरुची'त. पु. ल., मं. वि. राजाध्यक्ष आणि अळूरकर तिघं मिळून पुरुषराज अळूरपांडे या नावाने जी मस्ती करायचे तीही याच मासिकात. चित्रे कुटुंब १९५१ ला मुंबईला गेलं, म्हणजे पोरगा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, आणि चारच वर्षांनी 'शब्द'. ज्या घरात मासिक निघतं तिथल्या पोराच्या कानावर काय काय पडत असेल याचा मी आपला अंदाज करतेय, पण काहीच पडलं नसेल असं तर नाही ना.

आता लगेच कुणी म्हणेल की बघा, बडोदेकरांना सगळंच आपलं वाटतं. ते खरंय थोडं. आमच्याकडे कुठलाही विषय काढा, पाच मिनिटात गाडी सयाजीराव महाराजांवर येते, मग इथली १९०९, १९२१, १९३४ ची साहित्य संमेलनं, मग २०१८ चं, मग सेव उसळ. मी तो मोह आवरतेय. 'शब्द' मुंबईचंच. १९६९ पासून चारेक वर्षं गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या चित्रकारांनी बडोद्यातून 'वृश्चिक' नावाचं नियतकालिक काढलं ते इंग्रजीत होतं, म्हणून मराठी लेखात नसेल आलं तर त्याचीही तक्रार नाही.

माझा मुद्दा वेगळाच आहे. मी साधारण पंचवीस-सव्वीसची असताना एक गोष्ट लिहिली होती, इथल्या दांडिया बाजारातल्या एका वाड्यातली, सासू आणि सून हिंचक्यावर बसून बोलतायत एवढीच. पुण्याच्या एका नावाजलेल्या मासिकाला पाठवली. तीन महिन्यांनी परत आली, सोबत चिठ्ठी, की कथा बरी आहे पण भाषेचं गुजराती वळण काढून टाकावं, कबाट, रसोडं, हिंचका असे शब्द शुद्ध करून पुन्हा पाठवावी. अहो आमच्या घरी कपाटाला कबाटच म्हणतात आणि स्वयंपाकघराला रसोडंच! माझ्या सासूबाईंना झोपाळा म्हटलं तर अंगाईगीतातला वाटायचा. मी ती गोष्ट शुद्ध केली नाही, पाठवलीही नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर पंधरा-वीस वर्षं काही लिहिलंच नाही. दोष चिठ्ठीचाच होता असं नाही, पोरं होती, नोकरी होती. पण चिठ्ठी अजून आहे माझ्याकडे, त्याच कबाटात.

गेल्या वर्षी इथल्या चार-पाच पोरापोरींनी एक अंक काढला. नाव लिहीत नाही, नाहीतर जाहिरात वाटेल. तीन फॉर्म्याचा, म्हणजे ४८ पानं, मध्ये पिना मारलेल्या. एक मुलगी शिकवते, एक जण मकरपुऱ्याला कारखान्यात शिफ्ट करतो, खर्च खिशातून. त्यांनी माझी ती गोष्ट मागितली. मी आधीच बजावलं की भाषा अशी अशी आहे, तर तो शिफ्टवाला म्हणाला, "मावशी, म्हणून तर पाहिजे." रसोडं रसोडंच छापलं, खाली तळटीपसुद्धा नाही.

माझ्या मते चळवळ पुढे चालवणं म्हणजे हेच. आपल्या अंकांना 'असो', 'वाचा', 'फक्त', 'टिंब', 'येरू' अशी नावं ठेवणाऱ्यांचं भांडण शेवटी कशाशी होतं, तर कुणाची मराठी छापायची आणि कुणाची नाही हे दोन-चार जणांनी ठरवायचं याच्याशी. वेडंवाकडं कव्हर, छोट्या टायपात नाव, आतमध्ये कोलटकरांचा मिशीवाला फोटो, हे केलं की वारसा होत नाही. आणि हे मी या पोरांनाही तोंडावर सांगितलंय, कारण त्यांच्या दुसऱ्या अंकात अर्धी पानं जुन्या लोकांच्या आठवणी आणि गौरवाची निघाली. याच चळवळीतल्या ज्या राजा ढाल्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी १९६९ ला 'सत्यकथा' या तेव्हाच्या प्रतिष्ठित मासिकाची होळी केली त्यांचीच तुम्ही आरती करताय होय रे, असं म्हटलं तर रागावली दोन दिवस. तिसऱ्या अंकात आठवणी शून्य, आणि लिहिणाऱ्या पाच बायका. जुन्या चळवळीतली नावं काढून बघा, बायका शोधायला लागतात. ती उणीव पण वारशात येतेच की, ती कुणीतरी भरायला नको?

बाकी अडचणी आहेतच. पीडीएफ काढा असं सगळे सांगतात, काढतात पण, व्हॉट्सॲपवर पन्नास अंगठे येतात आणि वाचलेलं कुणी नसतं. पोस्टाने पुस्तकं पाठवायची जी स्वस्त सोय होती रजिस्टर्ड बुक पोस्टची, ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता मुंबईचे अंक तो शिफ्टवाला सुट्टी असेल तेव्हा रात्रीच्या गाडीने पिशवीतून नेतो आणि बोरिवलीला एका मित्राकडे टाकून येतो. चळवळ संपली लिहिण्याआधी तुमच्या लेखकाने ती पिशवी एकदा उचलून बघावी, खांदा धरतो.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पूर्वी पेपरात 'साभार पोच' म्हणून एक कोपरा असायचा, आलेल्या पुस्तकांची, अंकांची नुसती नावं, किंमत आणि पत्ता. परीक्षण नको, कौतुक नको, तेवढा कोपरा परत सुरू करा. बुलढाण्याचा, बेळगावचा, इंदूरचा कुणी असंच काहीतरी पिना मारून काढत असेल तर आम्हाला कळेल तरी.

या पत्रासोबत तिसरा अंक पाठवतेय. माझी दुसरी गोष्ट पान ३१ वर आहे. कधी पुरवणीत घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या, फक्त तुमच्या प्रूफ बघणाऱ्यांना सांगा, कबाटाला हात लावू नका.

आपली,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, बडोदा