आत येतं, बाहेर जात नाही

संपादक महोदय,

डोंबिवली पूर्वेतल्या ४८ सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. नोकरीची सगळी वर्षं रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये गेली. चालत्या गाडीत उभं राहून रात्रभर पत्रांचं सॉर्टिंग करायचं, हेच काम. टपाल अडकलं की काय होतं ते मला कुणी सांगायला नको. तरीही यंदा माझ्याच टेबलावर ४१ नोटिसा आठ दिवस पडून राहिल्या आणि मला पत्ता नव्हता.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते, हे सोसायटीच्या भानगडीत पडलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आमची सभा २१ तारखेच्या रविवारी ठरली होती. २ सप्टेंबरला गौरी-गणपती पोचवून आल्यावर मी कार्यालयात बसलो आणि नोटीस, विषयपत्रिका, हिशेबपत्रकं असं सगळं ४१ जणांना ईमेलने पाठवून दिलं. उरलेल्या सातजणांना कागदच लागतो, तो वॉचमनच्या हाती दिला. कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी येऊन जेवलो.

१० तारखेला जिन्यात एक सभासद भेटले. म्हणाले, "सचिवसाहेब, यंदा सभा नाही वाटतं?" हे गृहस्थ दरवर्षी हिशेबातला रुपया अन् रुपया विचारतात, त्यामुळे पोटात गोळाच आला. तसाच कार्यालयात गेलो. सगळ्या नोटिसा 'आउटबॉक्स'मध्ये, म्हणजे जायचे राहिलेले मेल थांबतात त्या कप्प्यात, तिरक्या अक्षरांत, ओळीने उभ्या. 'पाठवा'चं बटण दाबलं की थोडा वेळ काहीतरी फिरायचं आणि मग शून्य, एक्स, ८००४२१०९ असा एक आकडा यायचा. त्याखाली इंग्रजीत एवढंच की जाणारं टपाल घेणाऱ्या सर्व्हरशी, म्हणजे ते पुढे धाडणाऱ्या दूरच्या संगणकाशी, संपर्क होत नाही.

माझी फसगत झाली ती मेल येत होते म्हणून. विजेचं बिल आलं, लिफ्टवाल्याचं कोटेशन आलं, दुबईच्या सभासदाचं पार्किंगचं रडगाणंही आलं. आत येतंय म्हणजे बाहेरही जात असणार, असं धरून चाललो. खरं तर हे मला तरी कळायला हवं होतं. स्टेशनात बॅगा उतरल्या म्हणून चढल्याच असं थोडंच असतं? ईमेलचंही तेच आहे. येणारं टपाल एका सर्व्हरवरून उचलायचं, जाणारं दुसऱ्या सर्व्हरच्या स्वाधीन करायचं. दोघांचं सेटिंग वेगळं, पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा, आकडा वेगळा. एक ठप्प झालं तरी दुसरं खुशाल चालू राहतं.

मग फोनाफोनी. इंटरनेट देणारी कंपनी आम्ही ऑगस्टमध्येच बदलली होती, कारण जुन्या केबलवाल्याने धंदा गुंडाळला. नव्या कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने विचारलं, "यूट्यूब चालतंय का सर?" चालतंय म्हटलं. "मग नेट ओके आहे सर." मी फोन खाली ठेवेपर्यंत 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा मेसेज हजर! संस्थेचा ईमेल ज्यांच्याकडून घेतलाय त्यांनी सांगितलं, पासवर्ड बदला. बदलला. तेव्हा येत होते ते मेलही यायचे बंद झाले, कारण संगणकातल्या मेलच्या प्रोग्रामला जुनाच पासवर्ड माहीत होता. स्टेशनाजवळचा दुकानदार न बघताच म्हणाला, व्हायरस आहे, विंडोज नव्याने टाकावं लागेल, ८०० रुपये. खजिनदारांनी नेहमीप्रमाणे नाही म्हटलं. त्यांच्या चिकटपणाचा संस्थेला झालेला हा पहिला फायदा.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आली, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. तिने आधी विचारलं, "काका, शेवटचा मेल गेला कधी?" इतक्या जणांशी बोललो, पण हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. 'सेंट'मध्ये पाहिलं तर १९ ऑगस्ट. नवी लाइन बसली २० ऑगस्टला. तिथेच ती हसली.

मग तिने एक काळी खिडकी उघडली आणि टेलनेट (सर्व्हरचं दार उघडतं का ते ठोठावून बघायची आज्ञा) असं टाइप करून आमच्या मेल सर्व्हरचं नाव आणि पुढे पोर्टचा आकडा २५ लिहिला. खिडकी नुसती लुकलुकत राहिली. वीसेक सेकंदांनी उत्तर आलं, जोडणी झाली नाही. मग तेच नाव, पुढे ५८७. डोळ्याचं पातं लवायच्या आत समोरून ओळ उमटली, सुरुवातीला २२०. म्हणजे सर्व्हर म्हणतोय, मी तयार आहे, बोला. सर्व्हर धडधाकट होता, पासवर्डचा काही दोष नव्हता, व्हायरस तर नव्हताच. आमचा प्रोग्राम बंद दारावर धडका देत होता.

२५ नंबरचा हा पोर्ट ईमेल धाडण्याच्या १९८२ सालच्या नियमांतला. तेव्हा संगणक मोजके आणि माणसं ओळखीची, त्यामुळे पासवर्ड वगैरे काही विचारायची पद्धत त्यात नव्हती. पुढे लोकांच्या घरच्या संगणकांत व्हायरस शिरले आणि मालकाच्या नकळत याच दाराने कचरा मेल धाडू लागले. म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडण्यांवर २५ बंद ठेवतात. सर्व्हर आपापसांत अजून तोच वापरतात. तुमच्याआमच्यासाठी १९९८ मध्येच ५८७ हा वेगळा आकडा ठरवून दिला गेला. ४६५ सुद्धा चालतो, आणि तिथे सुरुवातीपासूनच सगळं कुलूपबंद जातं. आमच्या संगणकात २०१२ मध्ये एका सभासदाच्या मुलाने २५ भरून ठेवला होता. जुन्या केबलवाल्याने तो कधी अडवला नाही, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. 'आउटगोइंग'च्या रकान्यात २५ खोडून ५८७, सुरक्षित जोडणीचा पर्याय, आणि जाणाऱ्या सर्व्हरलाही नाव-पासवर्ड लागतो या चौकोनात टिचकी. नवा पासवर्ड दोन्हीकडे भरला.

इथे माझी एक चूक सांगतो, दुसऱ्या कुणाची होऊ नये म्हणून. आउटबॉक्स आधी रिकामा करायला हवा होता. बांध फुटावा तसं सगळं एकदम सुटलं. घाबरून मी मधल्या काळात नोटीस पुन्हा पुन्हा पाठवली होती, ती काहींना तीन-तीनदा गेली, तीही २१ तारखेची. शिवाय गच्चीचं काम केलेल्या कंत्राटदाराला २५ ऑगस्टला मी रागाच्या भरात एक पत्र लिहिलं होतं, 'ही निव्वळ फसवणूक आहे' वगैरे. तो बिचारा सप्टेंबरच्या १ तारखेला येऊन गळती काढून गेला होता, प्रसादाचा मोदकही खाऊन गेला होता. त्याचा फोन आला तेव्हा काय बोलावं ते मला सुचेना.

सभा अर्थातच पुढे ढकलावी लागली. १२ तारखेला नवी नोटीस काढली आणि २८ चा रविवार धरला. ३० च्या आत बसलं एवढंच. यावेळी ईमेलही केला आणि ४८ दारांवर कागदही दिला. दोन मेल परत आले, समोरची पेटी भरली आहे म्हणून. जीमेलच्या फुकटच्या १५ जीबीत फोटो आणि टपाल एकाच कोठीत असतं, नातवंडांचे व्हिडिओ साठले की पत्राला जागा उरत नाही. पण ते परत तरी आले, कारणासकट. 'घेण्यास नकार' असा शेरा मारलेलं पाकीट मला चालतं. न गेलेलं पत्र गेल्यासारखं दिसणं चालत नाही.

इंटरनेट कंपनीने २५ बंद ठेवला याबद्दल माझी तक्रार नाही, शहाणपणाच केला. तक्रार आहे ती न सांगण्याची. नवी जोडणी देताना त्यांचा माणूस आधार कार्डाची प्रत घेतो, फोटो घेतो, दोन ठिकाणी सही घेतो आणि वायफायचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतो. त्याच चिठ्ठीवर 'मेलसाठी २५ बंद, ५८७ किंवा ४६५ वापरा' एवढं मराठीत छापायला किती शाई लागते? आणि हेल्पलाइनवरच्या मुलांना यूट्यूबच्या जोडीला 'मेल येत नाही की जात नाही?' हा एक प्रश्न शिकवावा. गावोगावच्या सोसायट्या, पतसंस्था, छोटे कारखाने, सीएंची ऑफिसं अजून संगणकातल्या अशाच जुन्या प्रोग्रामवरून कारभार करतात. त्यांच्या आउटबॉक्समध्ये आज काय काय अडकून पडलं असेल, देव जाणे.

कंपनीच्या माणसाने दिलेली ती चिठ्ठी आमच्या कार्यालयात राउटरवरच चिकटवलेली आहे. खालची ओळ मी बॉलपेनने वाढवली आहे.

– एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव, डोंबिवली (पूर्व)