गाणी पाठवून दिली

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर दोनदा जिभेवर आलं आणि गिळलं, म्हणून लिहून टाकते. गाणी मास्टरिंगला, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरवायला, पाठवली. सहाच्या सहा, परवा रात्री. आता परत मागवणार नाही. आणि आई, तिसऱ्या गाण्यात तुझा आवाज पहिल्या टेकमधला आहे. नंतरच्या अकरांपैकी एकही घेतला नाही.

चिडू नकोस, ऐक. त्यात पंख्याची घरघर आहे, बाबा खोकलेत, धैवत किंचित उतरलाय, सगळं मान्य. काढून बघितलं ना! पंखा काढला तर तुझे 'स' आणि 'श' बोथट झाले, पाण्याखालून गातेयस असं वाटायला लागलं. सॉफ्टवेअरने धैवत जागेवर आणला तर त्याच्या आधीच्या सलग सरकणाऱ्या मींडेच्या पायऱ्या झाल्या. खोकला तेवढा निघत होता. तो मीच ठेवला.

नंतरचे टेक वाईट नव्हते गं, उलट जास्त सुरात होते. पण त्यात मी काय म्हणेन या धाकाने तू गातेयस. तुझा घसा बसला तरी मी 'एकदाच, शेवटचं' म्हणत राहिले. ते ऐकू यायला मला चार वर्षं लागली. असो.

तुम्ही विचारायचात, "झालं का?" आणि मी म्हणायचे, "थोडंसं राहिलंय." थोडंसं म्हणजे रात्री दोनला तंबोरा अर्धा डेसिबल वर, सकाळी पुन्हा खाली. कान थकले की आवाजातली धार कमी ऐकू येते, मग ती वाढवायची, आणि सकाळी तीच टोचते. ब्राम्स या जर्मन संगीतकाराची पहिली सिंफनी १८७६ साली लोकांसमोर आली, तिला वीसेक वर्षं लागली, हे मी किती जणांना ऐकवलंय! मधल्या वर्षांत त्याने बाकीचं कितीतरी पुरं करून लोकांपुढे ठेवलं होतं, हे मात्र सोयीने विसरायचे.

बाबा, गायिका गौहर जानची गोष्ट तुम्हीच सांगितलेली ना? १९०२ साल, ग्रामोफोनच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं, कापाकापी नाही, आणि शेवटी 'माय नेम इज गौहर जान' असं ठणकावून सांगायचं. मी न्हाणीघरातून बेसूर गाऊन झालं की तसंच माझं नाव ओरडायचे आणि तुम्ही बाहेरून टाळ्या वाजवायचात. तेव्हा कुठे धैवत तपासत होते मी!

माझी काळजी नको. साडेअकराला लॅपटॉप बंद करते, वेळेवर जेवते, रात्री हेडफोन लावत नाही. खुर्ची बदलल्यापासून पाठही धरत नाही.

आता तुमचं. बाबा, कानाचं मशीन कपाटात ठेवायला घेतलेलं नाही. तपासणीची तारीख पुन्हा पुढे ढकलू नका. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज, पाहुणे असले तरी. गाणी आली की मोबाइलवर ऐकू नका, त्यात तंबोऱ्याचा खर्ज येतच नाही. मोठ्या स्पीकरवर लावा, दोघं शेजारी बसून. आणि आई, 'अजून एकदा गायले असते तर' हे मनातल्या मनात म्हण हं.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, खोकला १ मिनिट ४२ सेकंदांवर आहे.