सुहास, तो सेट घेऊ नकोस

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. छंद म्हणून किल्लीशिवाय कुलपं उघडायला शिकतोयस हे वाचून फार आनंद झाला. पण तू बघून ठेवलेला तो चोवीस नगांचा सेट घेऊ नकोस. मीही सुरुवातीला तसाच घेतला होता. त्यातली तीनच हत्यारं आजवर हातात राहिली: एक आखूड हुक, एक जरा उंच हुक आणि लाटांसारख्या दातांचा एक रेक. ०.६ मिलिमीटर जाडीचे घे. अरुंद भोकाच्या कुलपासाठी ०.४ चा एखादा पुढे घेता येईल. टेन्शन टूल, म्हणजे कुलपाला पीळ देणारी वाकडी पट्टी, मात्र दोन-तीन जाडींची हवीत. गाडीच्या जुन्या वायपरच्या रबरात पोलादी पट्ट्या असतात, त्या पकडीनं काटकोनात वाकवून कानस मारलीस तरी छान काम होतं.

आता घरातलं टांगतं कुलूप घेऊन बसू नकोस. आपल्याकडच्या अनेक कुलपांवर ६ लिव्हर, ७ लिव्हर असं कोरलेलं असतं. त्यांची रचनाच वेगळी, ही हत्यारं तिथे चालत नाहीत. तुला पिनचं कुलूप हवं. भोकात बॅटरी मारून बघ, पहिली पिन समोरच दिसते. जुन्या बाजारात दाराच्या कुलपाचं वापरलेलं सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो गोल भाग, किल्लीसकट मिळालं तर उत्तम.

आत काय घडतं ते आधी नीट समजून घे. किल्ली ज्यात जाते त्या फिरत्या भागाला प्लग म्हणतात. पिना त्याला फिरू देत नाहीत, किल्ली त्यांना नेमक्या उंचीवर उचलते तेव्हाच तो फिरतो. त्यातली पिनांची भोकं कितीही काळजीनं पाडली तरी अगदी एका रेषेत येत नाहीत. म्हणून प्लगला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. हुकनं चाचपून ती शोधायची आणि हळूच उचलायची. टिक्‌ असं बारीक जाणवतं, प्लग केसभर फिरतो, मग दुसरी अडकते. सगळं इथेच आहे, सुहास. कान, डोळे बाजूला राहतात. कुलूप बोलतं ते टेन्शन टूलवरच्या बोटाशी.

आणि जोर! पहिले तीन आठवडे मी इतका दाबत होतो की हुकचं टोक आतच मोडलं. खूण सांगतो: बोटाचं नख पांढरं पडलं की जोर जास्त झाला. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवतोस तेवढा पुरतो. पुढे मधे बारीक कंबर असलेल्या पिना भेटतील. प्लग बराच फिरतो, उघडल्यासारखं वाटतं आणि अडतं. तिथे पीळ जरा सैल करून प्लगला उलटं सरकू द्यावं लागतं. हे धाडस हाताला यायला मला वर्ष लागलं.

बाकीच्या पिना काढून सराव एका पिनेपासून कर, मग दोन, मग तीन. काढलेल्या पिना आणि स्प्रिंगा मिसळणाच्या जुन्या डब्यातल्या वाट्यांत क्रमानं ठेव.

वहिनींना ही चोरांची विद्या वाटते, असं लिहिलंयस. त्यांना ब्रामा या इंग्रज कुलूपकाराच्या कुलपाची गोष्ट सांग. लंडनमध्ये त्याच्या दुकानाच्या खिडकीत हे कुलूप वर्षानुवर्षं मांडलेलं होतं, उघडेल त्याला २०० गिनी. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेच्या हॉब्स या कुलूपकारानं ते उघडलं: १६ दिवसांत विभागून सुमारे ५१ तास. अख्ख्या जगाला कळेल असं, उघडपणे. कारागिरांना त्यांच्या कुलपातली उणीव अशी कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही, म्हणून मला हॉब्सबद्दल फार आदर आहे.

दोन गोष्टी मात्र माझ्यासाठी पाळ. कुलूप स्वतःचंच हवं, आणि ते रोजच्या वापरातलं नको. आतली पिन बिघडली तर घरचेच दाराबाहेर राहतील. शिवाय हत्यारं खिशात घालून रात्री हिंडू नकोस. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, संशयास्पद परिस्थितीत, सबळ कारणाशिवाय घरफोडीची साधनं जवळ सापडणं हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ खाली गुन्हा आहे.

उद्या कुरिअरनं एक सिलिंडर पाठवतोय. तीनच पिना ठेवल्यात, साध्या. किल्ली मी माझ्याकडेच ठेवलीय. उघडलं की रात्री कितीही वाजले असले तरी फोन कर.

तुझा,
मिलिंद