व्यालेल्या गाईला दुखत नाही का?

संपादक साहेब, नमस्कार.

मागे तुमच्या शेतीच्या पानावर गाय व्याल्यावर काय काळजी घ्यावी असा लेख आला होता. लेख चांगला होता, वार पडायची वाट किती बघायची, वासराला चीक लवकर पाजा, कॅल्शियम, गूळ सगळं होतं, पण एवढ्या मोठ्या लेखात गाईला दुखतं त्याचं काय करायचं यावर एक ओळ पण नव्हती म्हणून लिहितेय. आमच्या घरी गोठा आम्ही बायकाच बघतो.

आता सगळीकडे एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीनच्या संकरित गाई, त्यात पहिलारू कालवडीला मोठ्या अंगाच्या वळूचं सिमेन भरलं की वासरू मोठं होतं आणि अडतं. मग पायाला दोरी आणि चार-पाच गडी. खरं म्हणजे दोन-तीन माणसांच्या ताकदीपेक्षा जास्त ओढू नये आणि ते पण गाय कळ देते तेव्हाच, कळ थांबली की थांबायचं, पण घाई झालेली असते, कोण ऐकतंय. आत फाटतं, सूज येते, कधी नस दाबून मागचे पाय लुळे पडतात. एवढं होऊन वासरू बाहेर आलं, कालवड निघाली की सगळे खूश, गाईपुढे गुळाचं पाणी आणि लगेच खाली बादली. घरातल्या बाळंतिणीला टाके पडले तर डॉक्टर न मागता दुखण्याची गोळी देतो, मग हिनं काय केलंय?

ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं हो, गाय दुखणं लपवते, ती तिची जातच आहे. पण रोज धार काढणाऱ्याला कळतं. पाठ वर काढून उभी राहते, कान पाडते, दात खाते, रवंथ करत नाही, आंबोणाला तोंड लावत नाही. आणि व्यालेली गाय खायची बंद झाली की पुढे किटोसिस (अंगातली चरबी जळून होणारा आजार) आणि बाकीची दुखणी रांगेत उभीच असतात, तेव्हा कनवाळूपणा बाजूला ठेवून नुसत्या हिशोबानं बघितलं तरी हे परवडत नाही.

पण म्हणून दिसेल ते इंजेक्शन टोचा असं मी अजिबात म्हणत नाही. डायक्लोफेनॅक हे दुखण्याचं औषध जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, ते दिलेली जनावरं मेल्यावर खाऊन आपली गिधाडं जवळजवळ संपली, २०२३ मध्ये त्याच जातीची केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक पण बंद झाली. तरी माणसांच्या मेडिकलमधून आणून टोचणारे अजून आहेत. फ्लुनिक्सिन हे आणखी एक दुखण्याचं औषध, ते गिधाडांना वाईटच, शिवाय कॅनडात अभ्यास झाला त्यात व्यायच्या आधी दिलं तर मेलेली वासरं जास्त निघाली आणि व्याल्यावर पहिल्या दिवसात दिलं तर वार अडकायचं प्रमाण वाढलं. काही जण तर सरसकट डेक्सा मारतात, ते स्टेरॉइड आहे, त्यानं गाईची प्रतिकारशक्ती कमी होते, आणि गर्भपिशवीत आधीच इन्फेक्शनची भीती असताना हा उद्योग कशाला? गिधाडांना चालतं आणि आपल्याकडे सहज मिळतं ते मेलॉक्सिकॅम. त्यानं दूध वाढेलच असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण ओढून सोडवलेल्या गाई ते दिल्यावर गव्हाणीवर जास्त वेळ खातात असं दिसलंय, मला तेवढं पुरे. फक्त ते डॉक्टरनंच द्यावं, वजन बघून, आणि गाईच्या अंगातलं पाणी कमी झालं असेल तर आधी सलाइन, नाहीतर किडनीवर येतं.

दुधात औषध उतरतं ही तक्रार लगेच येणार, आणि ती खरी आहे. युरोपात मेलॉक्सिकॅमच्या इंजेक्शननंतर ५ दिवस दूध विकायचं नाही असा नियम आहे. पण पहिले चार-पाच दिवस चीकच असतो, तो डेअरीवाला तसाही घेत नाही, मग अडचण कुठंय? अडचण खरवसाची, तेवढ्या वेताला खरवस नाही खाल्ला तर काही बिघडत नाही.

माझं मागणं मोठं नाही. गाय अडली, ओढून सोडवावी लागली, जुळं झालं किंवा अंग बाहेर आलं तर दुखण्याचं इंजेक्शन हा उपचाराचा भाग धरावा, मालकानं मागितलं तरच असं नको. १९६२ या जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या नंबरवर फोन केल्यावर जी गाडी येते तिच्यात हे औषध कायम असावं. दूध संघांच्या सभेत पेंडीच्या रेटवर तासन्‌तास भांडणं होतात, त्यात दहा मिनिटं यासाठी काढा आणि कालवडीला कोणतं सिमेन भरायचं ते पण तिथंच सांगा. आणि तुमच्या पानावर एखाद्या पशुवैद्यकाकडून यावर नीट लेख लिहून घ्या, औषधांच्या नावासकट, शक्यतो हिवाळ्याच्या आधी, तेव्हा आमच्याकडे बऱ्याच गाई व्यायला येतात.

— एक दूध उत्पादक, जि. सोलापूर