सहलीच्या कागदावर चंद्रसूर्यही असू द्या

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत अंदमानच्या कौटुंबिक सहलीवर लेख आला होता. यंदा हिवाळ्यात सासूबाई, दोन मुले आणि आम्ही दोघे असे तिथे जाऊन आलो असल्याने तो बारकाईने वाचला. विमान, बोटी, हॉटेले, स्कूबा, खरेदी असे सगळे त्यात होते. भरती-ओहोटीचा उल्लेख मात्र एकदाही नव्हता. बेटावरच्या सहलीबद्दल लिहायचे आणि समुद्र आत कधी येतो, बाहेर कधी जातो हेच सांगायचे नाही, याचे नवल वाटले.

दोष एकट्या लेखाचा नाही. आम्ही ज्या टूर कंपनीबरोबर गेलो तिने निघण्याआधीच छापील कार्यक्रम हातात दिला होता. प्रत्येक ठिकाणासमोर वेळ, तीही पाच-दहा मिनिटांच्या हिशेबाने. वरवर पाहता मोठे शिस्तीचे काम. बोटीत त्याच कंपनीच्या दुसऱ्या गटातले एक कुटुंब भेटले. आमच्यानंतर आठवड्याने ते नील बेटावर जाणार होते आणि त्यांच्या कागदावरही नैसर्गिक पुलासमोर ‘सकाळी १०’ हीच वेळ होती. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज दहाला पूर्ण ओहोटी असेल तर आठवड्याने दहाला भरती असणार. म्हणजे दोनपैकी एका गटाला पूल नीट दिसणार नाही, हे कागद छापतानाच ठरलेले होते.

तो गट आमचा निघाला. नील बेटाला आता शहीद द्वीप म्हणतात. हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले त्याच वेळी, म्हणजे २०१८ मध्ये, हे नाव आले. बोटवाले, रिक्षावाले मात्र सर्रास नीलच म्हणतात. तिथे लक्ष्मणपूरच्या बाजूला समुद्राने खडक कोरून कमान केली आहे, तोच हा नैसर्गिक पूल. तिच्यापर्यंत जायची वाट म्हणजे ओहोटीत उघडा पडणारा ओबडधोबड खडक. आम्ही पोचलो तेव्हा ही वाट पाण्याखाली होती आणि लाटा थेट कड्यावर आपटत होत्या. “मॅडम, पानी चढ गया, यहीं से फोटो ले लो,” असे म्हणून कंपनीचा माणूस पाच मिनिटांत सगळ्यांना गाडीकडे घेऊन निघाला. पाणी चढणार हे त्याला आदल्या दिवशीही ठाऊक होते. वेळ बदलायचा अधिकार त्याला नव्हता, इतकेच.

उतरायच्या जागी शहाळी विकणाऱ्या बाईंनी दुपारी या, असे सांगितले. आम्ही कंपनीचा दुपारचा कार्यक्रम सोडून रिक्षाने पुन्हा गेलो आणि वाटेवर एक स्थानिक वाटाड्या घेतला. सकाळी जिथे पाणी उसळत होते तिथे आता खडकांच्या खळग्यांत स्वच्छ डबकी उरली होती. एका डबक्यात समुद्रकाकडी नावाचा काळा, लिबलिबीत प्राणी पडला होता. दुसऱ्यात खडकात रुतून बसलेला मोठा शिंपला होता, त्याच्या उघड्या ओठांवर निळी-जांभळी नक्षी. धाकटीने वाकून पाहिले की तिची सावली पडे आणि ओठ मिटत. ती मागे सरली की थोड्या वेळाने हळूच उघडत. तिचा हा खेळ किती वेळ चालला कोण जाणे. हात कुठेही लावायचा नाही आणि पाय फक्त वाळूवर नाहीतर मेलेल्या खडकावर टाकायचा, हे वाटाड्याने आधीच बजावले होते. तो ज्या गोल, भरीव प्रवाळावर पाय पडू देत नव्हता तो वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. घाईत चालणारा गट तो एका फेरीत झिजवू शकतो. सहलीत मुलांनी सर्वांत जास्त वेळ एका जागी काढला तो इथे, आणि छापील कार्यक्रमात ही दुपार नव्हती.

याच्या उलट बाजूही आहे. नीलवरच्या भरतपूर किनाऱ्यावर किंवा हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या विजयनगरला पूर्ण ओहोटीच्या वेळी गेले तर पाणी लांब निघून गेलेले असते आणि पुढे पसरलेले असतात खडक व प्रवाळ. तिथे पोहणे दूरच, मुलांना गुडघाभर पाण्यातही उतरवणे धोक्याचे, पाय कापतात. पश्चिमेकडच्या राधानगरला मात्र वाळू लांबवर आहे. ‘टाइम’ नियतकालिकाने २००४ मध्ये या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम ठरवले तेव्हापासून त्याचे नाव गाजते आहे आणि ते खोटे नाही. म्हणजे कुठला किनारा ओहोटीचा, कुठला भरतीचा आणि कुठला दिवसभराचा, इतके जरी लेखात आले असते तरी वाचकांचे निम्मे काम झाले असते.

किनाऱ्याकाठी वाढलेल्यांना तिथीवरून भरती काढायची रीत माहीत असते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला साधारण सहा. आमच्या घरातही हे गणित लगेच झाले, पण ते कोकणपट्टीचे. अंदमानात भरतीची घटका वेगळी, त्यामुळे गुणाकार तिथे चालत नाही. तत्त्व मात्र तेच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, त्यामुळे ओहोटीतही पाणी जास्त खाली जाते आणि खडक जास्त उघडतो. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सौम्य भरती-ओहोटी, तेव्हा फरक कमी. मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या पाहून तारखा ठरवतो, तेव्हा दिनदर्शिका समोर असतेच. त्याच चौकोनातली तिथी पाहायला काय लागते?

वयस्क माणसे बरोबर असतील तर हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. उधाणाच्या दिवसांत तिथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोनेक मीटरचा फरक पडतो. भरतीला बोटीचा काठ धक्क्याच्या जवळपास येतो, ओहोटीला तीच बोट माणूसभर खाली जाते. एका छोट्या धक्क्यावर सासूबाईंना शेवाळलेल्या, ओल्या पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाय टाकावा लागला. दोन खलाशांनी दंड धरले होते, तरी त्यांचा जीव मुठीत होता. परत येताना पाणी चढलेले होते आणि त्या एका पावलात वर आल्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बोटीची वेळ अशी पाहून ठरवायला हवी, हे कुठल्याही माहितीपत्रकात नाही. ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी सोयीस्कर’ असे मात्र ठळक अक्षरांत असते.

आता सूर्याचे. अंदमान साधारण ९२ ते ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपले घड्याळ चालते साडेब्याऐंशी अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर तिथला सूर्य घड्याळाच्या चाळीसेक मिनिटे पुढे असतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतोच. आमच्या कागदावर ‘सायं. ५.३० : राधानगर येथे सूर्यास्त दर्शन’ असे छापलेले होते! आम्ही साडेतीनलाच जाऊन बसलो म्हणून सूर्यास्त दिसला. काळोख पडू लागल्यावर, जीवरक्षक शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढत असताना, वेळेवर आलेल्या गाड्यांतून माणसे उतरत होती. अंदमानात दिवस पहाटे सुरू करून दुपारी चारपर्यंत संपवायचा असतो. नऊला न्याहारी आणि दहाला प्रस्थान या वेळापत्रकात सकाळचा उत्तम उजेड हॉटेलच्या भोजनगृहात जातो. मुले लवकर उठत नाहीत असे म्हणतात. समुद्र दाखवायचा म्हटले की उठतात.

सेल्युलर जेलला भरतीशी देणेघेणे नाही, पण त्याच्या वाट्याला आलेला तास पाहूनही वाईट वाटले. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात लांबलचक इमारती मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या होत्या. एकीच्या कोठड्यांची तोंडे दुसरीच्या पाठीकडे, कैद्याला समोरचा कैदी दिसू नये म्हणून. आज तीनच उरल्या आहेत. सावरकरांची कोठडी पाहून लोक परततात. आपण ज्या कठड्याशी उभे आहोत त्याच्या समोर पाठ का आहे हे मुलांना उभे राहून दाखवायला तास पुरत नाही. बाराटांग बेटावर आम्ही गेलो नाही. तिकडे जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाणारा रस्ता ‘पॉइंट’ म्हणून विकला जावा हे पटत नाही, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

पोर्ट ब्लेअरहून वंडूरच्या किनाऱ्याकडे जाताना सिप्पीघाट हे गाव लागते. गाडी तिथे थांबत नाही, आम्ही थांबवली. पाण्यात उभी, वाळून खडखडीत झालेली झाडे दिसतात. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खचली. त्सुनामीचे पाणी ओसरले, जमीन मात्र खालीच राहिली आणि जी शेते आधी भरतीच्या रेषेवर होती ती खाली गेली. नंतर रोजची साधी भरतीच तिथे शिरू लागली. उत्तर अंदमानात उलटे झाले: जमीन वर उचलली गेली आणि पाण्याखालचे प्रवाळ उघडे पडून मेले. थोरल्याला भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटी आहे, चंद्राच्या आकृतीसह. भरतीमुळे एखाद्याचे शेत जाते हे त्याला गाडीच्या खिडकीतून कळले.

ही माहिती मिळवणे अवघड आहे असे कोणी म्हणेल तर तसे नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टके छापतो आणि त्यांत पोर्ट ब्लेअर असते. (शहराचे नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम, कोष्टके शोधताना दोन्ही नावांनी पाहावे.) हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था भरतीच्या वेळा, लाटांची उंची आणि खवळलेल्या समुद्राचे इशारे संकेतस्थळावर देते. पोर्ट ब्लेअरचे भरतीमापक तर इतके जुने की ३१ डिसेंबर १८८१ ला कार निकोबारजवळ झालेल्या भूकंपानंतरच्या त्सुनामीची नोंद त्यावर आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जे मोजले जात होते ते आज टूर कंपनीच्या कागदावर एका ओळीत येऊ शकत नाही, हे कारकुनी आळसाखेरीज दुसरे काही नाही.

कंपन्यांकडून अपेक्षा इतकीच की ठिकाणे ठरवून द्यावीत, वेळा मात्र गटाच्या तारखेनुसार भराव्यात आणि बेटावरच्या माणसाला दोन ठिकाणांची अदलाबदल करायची मुभा द्यावी. आपल्या पुरवणीला विनंती अशी की किनाऱ्यांवरच्या सहलींच्या लेखासोबत एक छोटी चौकट द्यावी. त्या महिन्यातला सूर्योदय-सूर्यास्त, उधाणाचे दिवस, कुठला किनारा कोणत्या पाण्यात पाहावा आणि भरतीच्या वेळा कुठे मिळतील, एवढे त्यात पुरे. जागेची अडचण असेल तर त्या लेखातला शंख-प्रवाळांच्या खरेदीचा परिच्छेद खुशाल काढावा. प्रवाळ आणि शंखशिंपल्यांच्या कित्येक जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. किनाऱ्यावरून उचललेले तुकडे विमानतळावर सामानातून काढून घेतात, आणि आमच्या रांगेत दोन कुटुंबांची त्यावरून हुज्जत चालली होती.

आपली,
एक वाचक