मालकी जंगल उक्तं विकण्याआधी

मा. संपादक,
आमच्या संगमेश्वर-देवरूख पट्ट्यात बरंचसं जंगल खाजगी मालकीचं आहे, पावसाळा सरला की वाडीवाडीत लाकडाचे व्यापारी फिरायला लागतात आणि सातबारावर दहा-पंधरा नावं, त्यातले निम्मे मुंबईला, मग मिळतील ते पैसे वाटून घेऊ म्हणत अख्खा डोंगर उक्ता, म्हणजे एकरकमी ठोक भावाने, देऊन टाकतात. झाडं मोजत नाहीत, घेर बघत नाहीत. पैशाची गरज असते हे मला मान्य आहे, तोड करूच नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. ऐन, किंजळ, साग ही झाडं बुंध्यापासून परत फुटतात, फक्त तोड जमिनीलगत आणि साफ हवी, आणि नंतर २-३ वर्षं गुरं व वणवा आत येता कामा नये. पण सरसकट तोडीत पोकळ झालेले जुने बेहडे, आंबेही जातात, ज्यांच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते, आणि हा काळ नेमका तोडीच्या सीझनमध्येच येतो!

म्हणून मालकांनो, सौद्याआधी राखायच्या झाडांना स्वतः रंग मारा, ओढ्याकाठची पट्टी सोडा, हे सगळं करारात लिहून घ्या. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याची परवानगी आपल्याच नावाने निघते, तेव्हा व्यापाऱ्याने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही प्लीज करू नका. वनखात्यानेही परवानगी देताना ढोलीची झाडं आधी बघून वेगळी काढावीत, ही कळकळीची विनंती.

– एक जमीनमालक, ता. संगमेश्वर